‘फॉरमॅट मारा’ म्हणण्यापूर्वी

संगणकाची कार्यप्रणाली बदलली, पुन्हा बटण दाबले आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन ओळींपलीकडे काहीच उमटले नाही, की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येते, ‘गेला हा, फॉरमॅट मारा.’ घरी, दुकानात, कार्यालयात आणि शाळांतही हीच रीत पडली आहे. ही रीत आपल्या शाळेने सोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी वाचवावे, मग दुरुस्त करावे आणि दोन्ही जमले नाही तरच पुसावे.

हा विषय आज काढण्यास कारण आहे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे अनेक धडधाकट संगणक केवळ या अटीत बसत नाहीत म्हणून अडगळीच्या वाटेवर आहेत. ते टाकायचे नसतील तर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालणे हा एक सरळ मार्ग आहे. पुष्कळ शाळा आणि कुटुंबे तो धरतील. मात्र प्रणाली बदलताना संगणक सुरू न होण्याचा प्रसंग हमखास येतो. तेव्हा काय करावे हे आधीच ठरलेले असावे. तहान लागल्यावर विहीर खणू नये.

पुसले जाते ते काय?

संगणक महाग असला तरी विकत मिळतो. त्यातला मजकूर विकत मिळत नाही. शाळेच्या संगणकात निकालपत्रके असतात, दाखल्यांचे मसुदे असतात, जन्मतारखा आणि मातृभाषेच्या नोंदी असतात. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि अशा पत्रकांचे जुने अंक असतात. आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसाला कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघून पलीकडे गेले आणि आपण अलीकडे राहिलो. २ जून २०१४ रोजी राज्याचे नाव तेलंगणा झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि भीमपूर हे स्वतंत्र मंडल झाले. आजोबा, वडील आणि मुलगा एकाच घरात जन्मले, तरी तिघांच्या दाखल्यांवर तीन वेगळे पत्ते असू शकतात. पैनगंगा ओलांडून शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्या मुलाला जुना दाखला आणि त्यामागची नोंद दाखवावी लागते. ती नोंद संगणकात असेल आणि कोणी घाईत पुसली असेल, तर त्या मुलाची पायपीट कोणत्याही नव्या प्रणालीने भरून निघणार नाही.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते?

दुरुस्ती समजायची तर सुरुवात समजली पाहिजे. शाळेची सकाळ डोळ्यांसमोर आणा. शिपाई आधी कुलूप उघडतो, सगळीकडे नजर टाकतो, घंटा देतो. मग मुख्याध्यापक येतात आणि वर्ग सुरू होतात. संगणकात शिपायाचे काम मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस हा छोटा कार्यक्रम करतो. नव्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. तो मेमरी, कळफलक आणि हार्डडिस्क तपासतो. मग ठरलेल्या क्रमाने ‘पुढचे काम कोणाकडे द्यायचे’ याचा शोध घेतो.

जुन्या पद्धतीत हा पत्ता हार्डडिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये असतो. त्यातील ४४६ बाइट सुरुवातीच्या सूचनांसाठी, ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी असतात. एवढ्याशा जागेत पूर्ण प्रणाली मावणे शक्यच नाही. तिथे फक्त पुढची वाट लिहिलेली असते. त्या वाटेवर लिनक्समध्ये ग्रब आणि विंडोजमध्ये बूट मॅनेजर उभा असतो, आणि तो मूळ प्रणालीला उठवतो. नव्या पद्धतीत हे काम हार्डडिस्कवरच्या एका छोट्या वेगळ्या विभागातल्या फायली करतात आणि त्यांचा पत्ता मदरबोर्ड लक्षात ठेवतो.

विभागांचा तक्ता म्हणजे हार्डडिस्कची पहाणीच म्हणा ना! कोणता तुकडा कुठून कुठवर, हे त्यात लिहिलेले असते. पहाणीचा कागद फाटला म्हणून शेत कुठे जात नाही. त्याचप्रमाणे वाट दाखवणारी पाटी पडली म्हणून फायली नाहीशा होत नाहीत. प्रणाली बदलल्यावर संगणक अडतो, तेव्हा बहुतेक वेळा पाटीच पडलेली असते. फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पडली म्हणून शेत नांगरून टाकणे होय.

नेहमीचे पाच प्रकार

पहिला प्रकार : आधी लिनक्स होते, नंतर विंडोज घातले आणि लिनक्स दिसेनासे झाले. विंडोजने स्वतःची पाटी वर लावली, एवढेच झालेले असते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ग्रब पुन्हा बसवला की काम होते. म्हणूनच दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर आधी विंडोज आणि नंतर लिनक्स, असा क्रम जाणकार सांगतात. उलट कधी लिनक्स घातल्यावर यादीत विंडोज दिसत नाही. २०२१ च्या आवृत्तीपासून ग्रबने शेजारची प्रणाली शोधण्याचे काम मुळात बंद ठेवले आहे. ते चालू करून यादी नव्याने बनवावी लागते. विंडोज गेले असे समजून रडायचे कारण नाही.

दुसरा प्रकार : लिनक्स नको म्हणून विंडोजमधूनच त्याचा विभाग पुसला आणि पुढच्या वेळी पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे आली. पाटी आहे, पण ती ज्या घराकडे बोट दाखवते ते घरच पाडले गेले आहे. विंडोजच्या मूळ डिस्कवरून किंवा पेनड्राइव्हवरून ‘दुरुस्ती’ हा पर्याय निवडून सुरुवातीची नोंद पुन्हा लिहून घेतली की विंडोज उठते. एक्सपीच्या काळात ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा संदेश पाहून घाबरलेले पालक पुष्कळ असतील. तोही याच जातीचा.

तिसरा प्रकार : प्रणाली एका पद्धतीने बसवली आणि मदरबोर्ड दुसऱ्या पद्धतीवर ठेवला. जुनी पद्धत ‘लेगसी’ आणि नवी यूईएफआय. एकीने बसवलेली प्रणाली दुसरीला सहसा दिसत नाही, आणि यंत्र म्हणते की सुरू करण्यासारखे काही सापडलेच नाही. इथे फक्त मांडणी बदलायची असते.

चौथा प्रकार ‘सिक्युअर बूट’ या पहारेकऱ्याचा. ओळखीची सही नसलेल्या प्रणालीला तो आत सोडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका नित्याच्या अद्ययावतीकरणानंतर, दोन्ही प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होईना. लिनक्सचा दरवाजा जुना ठरवून पहाऱ्याने अडवला होता. पहारा तात्पुरता उठवून आत शिरता येत होते व दुरुस्ती करून पुन्हा पहारा बसवता येत होता. मात्र ज्या यंत्रावर बिटलॉकरचे कुलूप असेल, तिथे अशी मांडणी बदलण्याआधी त्याची ४८ अंकी किल्ली हाताशी हवी. ती नसेल तर पुढे जाऊ नये.

पाचवा प्रकार सर्वांत साधा आणि सर्वांत दुर्लक्षित. पेनड्राइव्ह तसाच राहिला आहे आणि संगणक त्यातच प्रणाली शोधतो आहे. आतली केबल सैल झाली आहे. किंवा मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही तीन व्होल्टची गोल बॅटरी संपली आहे. तसे असेल तर घड्याळ मागे जाते, मांडणी मूळपदावर येते आणि कालपर्यंत चालणारी प्रणाली आज उठत नाही. विहिरीवरची मोटार सुरू झाली नाही म्हणून कोणी शेतकरी ती लगेच वाइंडिंगला नेत नाही. करंट आहे का, तिन्ही फेज आहेत का, स्टार्टरचा फ्यूज गेला का, हे तो आधी बघतो. संगणकाच्या बाबतीतच आपला हा शहाणपणा कुठे जातो?

क्रम पाळावा

आमच्या मते दुरुस्तीचा क्रम असा असावा. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा वहीत उतरवावा. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ ही तक्रार कोणाच्याच उपयोगाची नाही. मग केबल, पेनड्राइव्ह, तारीख आणि सुरुवातीचा क्रम तपासावा. त्यानंतर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता, नुसता संगणक सुरू करून पाहावा. बहुतेक लिनक्स प्रणालींत ही सोय असते. तसा तो सुरू झाला तर यंत्र ठीक आहे आणि दोष हार्डडिस्कवरच्या मजकुरात आहे, हे अर्ध्या तासात कळते. हार्डडिस्कवरच्या फायली दिसत असतील तर दुसऱ्या डिस्कवर त्यांची नक्कल करावी, आणि नक्कल उघडून पाहावी. एवढे झाल्यावरच पाटी दुरुस्त करावी, आणि ती कोणत्या डिस्कवर लिहितो आहोत हे दोघांनी मिळून वाचावे. एका अक्षराच्या फरकाने भलत्याच डिस्कवर लिहिले जाते.

कुठे थांबावे हेही ठाऊक हवे. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा ती मध्येच नाहीशी होत असेल, तर वीज बंद करावी आणि जाणकाराकडे न्यावे. तिथे आपले प्रयोग नकोत. चुकून फॉरमॅट झालेच, तर त्या डिस्कवर पुढे काही लिहू नये. जुन्या फिरत्या डिस्कवरून, नवे लिहिले जाईपर्यंत, बराच मजकूर परत मिळू शकतो. नव्या एसएसडीवर मात्र ही आशा फारशी धरू नये.

पुसून टाकणे हाच झटपट मार्ग, असे म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ चा दिवस आठवावा. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फायलीमुळे जगभर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होईनासे झाले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय काय होता? संगणक सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे. पण पुष्कळ यंत्रांसाठी त्यांच्यापुढे माणूस जाऊन बसावा लागला. जिथे हात होते तिथे काम लवकर मार्गी लागले. दूरच्या मेकॅनिकची वाट पाहणाऱ्या गावातल्या शाळेने हे विशेष ध्यानात घ्यावे.

हात कोणाचे?

हे हात विद्यार्थ्यांचे असावेत, असे आम्ही म्हणतो. हे स्वप्नरंजन नव्हे. केरळमध्ये २००१ साली ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत तिथल्या सरकारी व अनुदानित शाळा लिनक्सवर गेल्या. दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही मुक्त प्रणालीवर होऊ लागली. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ या सरकारी कंपनीत रूपांतर झाले आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाची विद्यार्थी मंडळे उभी राहिली. त्यांत मुले अ‍ॅनिमेशन, इलेक्ट्रॉनिक्स आणि सायबर सुरक्षेसोबत यंत्राची दुरुस्ती शिकतात, आणि मल्याळममधून संगणक वापरणेही शिकतात. हे राज्य श्रीमंत होते म्हणून नव्हे, तर शिक्षकांना आधी शिकवले म्हणून हे घडले. आपल्याही राज्यात हैदराबादची ‘स्वेच्छा’ ही संस्था २००५ पासून मुक्त प्रणाली आणि तेलुगू संगणन यांसाठी काम करीत आहे. मदत मागायची तर दूर जायला नको.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. ‘मुलांच्या हाती दिले तर आणखी बिघडेल.’ बिघडू शकते. म्हणून कार्यालयाचा संगणक मुलांना देऊ नये. अडगळीतला एखादा जुना, रिकामा संगणक द्यावा, आणि त्यावर मुद्दाम पाटी पाडून ती पुन्हा उभी करायला शिकवावे. पोहायला आपण कोणी पुराच्या पाण्यात शिकवत नाही. ‘नोकरीत विंडोजच लागते.’ पुष्कळ ठिकाणी लागते, हे खरे. पण ज्याला संगणक कसा उठतो हे कळले, त्याला दोन्ही प्रणाली सारख्याच. ज्याला फक्त चिन्हांवर टिचकी मारणे येते, त्याला विंडोजची पुढची आवृत्तीही परकीच वाटते. ‘मेकॅनिक पाचशे रुपयांत करून देतो.’ तो काय करून देतो ते विचारा. बिनपरवाना प्रत घालून, जुने पुसून दिले असेल, तर ती दुरुस्ती नव्हे. तो शाळेच्या नावावर चढलेला दोष आहे आणि त्याचे उत्तर विश्वस्तांनाच द्यावे लागेल. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कारागिरांविषयी आम्हास आदरच आहे. त्यांनाही ‘आधी नक्कल, मग काम’ एवढे लेखी सांगावे.

एक अडचण मात्र खास आपल्या भाषेची आहे. २००० च्या दशकात मराठी मजकूर बहुधा श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या त्या फॉन्टच्या स्वतंत्र सांकेतिक पद्धतीने टाइप होत असे. प्रणाली बदलली आणि तो फॉन्ट नसला, की तोच मजकूर निरर्थक खुणांचा ढीग दिसतो. संगणक नीट सुरू झाला, फायलीही वाचल्या, तरी अक्षर वाचता येत नाही! तेव्हा प्रणाली बदलण्यापूर्वी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणे, आणि ते होईपर्यंत एक जुना संगणक आहे तसा, इंटरनेटला न जोडता, सांभाळणे, हे आवश्यक आहे. पुढचे टंकलेखन मुलांनी इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिकावे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तो आहे. शिवाय त्यात मराठीचा ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर तेलुगूचा ‘क’. घरी मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणाऱ्या आपल्या मुलांना एकाच कष्टात दोन लिप्या साधतील. अशी सोय सोडणे म्हणजे दारी आलेल्या लक्ष्मीला परत पाठवणे होय.

आमच्या सूचना

विश्वस्त मंडळाने ठराव करावा की, शाळेचा कोणताही संगणक नक्कल घेतल्याखेरीज आणि मुख्याध्यापकांच्या लेखी संमतीखेरीज पुसला जाणार नाही. महत्त्वाच्या नोंदींच्या दोन नकला असाव्यात आणि त्यातील एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी. एक बाहेरची हार्डडिस्क आणि दोन पेनड्राइव्ह, एक लिनक्सचा व एक विंडोजच्या दुरुस्तीचा, एवढी सामग्री पुरेशी आहे. प्रत्येक यंत्राची एक वही असावी. कोणती प्रणाली, कोणत्या पद्धतीने, कधी बसवली आणि कोणता बिघाड कसा दूर झाला, हे तीत लिहावे. शेवटी यंत्र खरोखरच निकामी झाले, तर ते भंगारवाल्याला न देता, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जावे.

पालकांना विनंती की, घरचा जुना संगणक विकण्यापूर्वी एकदा शाळेला विचारावे. आणि मुलाने घरी ‘मी बघतो’ म्हटले तर, फायलींची नक्कल झाली आहे याची खात्री करून, त्याला बघू द्यावे. विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे की, काळ्या पडद्यावरचे इंग्रजी वाक्य हे शिव्याशाप नसून यंत्राने सांगितलेले दुखणे आहे. ते पूर्ण वाचा, शब्दकोश काढा, वहीत लिहा. डॉक्टरही आधी विचारतो आणि मग औषध देतो.

आपली गावे जागची हलली नाहीत, पत्ते मात्र अनेकदा बदलले. प्रत्येक बदलात ज्यांनी कागद जपले त्यांचे काम अडले नाही. संगणकाच्या प्रणालीही अशाच बदलत राहतील. आपण जपायचे ते आतले लिखाण आणि ते जपण्याचे ज्ञान. विश्वस्त मंडळाने हा ठराव येत्या सभेतच विचारात घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.